हेलसिंकीचा विसराळू सर्व्हर

वेब प्रोग्रॅमिंग शिकवायला बसलेल्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच भागात एकही प्रोग्रॅम लिहायचा नाही, हे आधी खटकतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा ‘फुल स्टॅक ओपन’ हा अभ्यासक्रम मात्र असाच सुरू होतो. त्या भागाचा क्रमांकही शून्य. त्यातले पहिले तीन स्वाध्याय म्हणजे थोडं वाचन आणि पुढचे तीन म्हणजे चित्रं. एका बाजूला ब्राउझर, दुसऱ्या बाजूला सर्व्हर आणि मधे जाणारे-येणारे बाण. कोणी आधी काय मागितलं, त्यावर काय उत्तर आलं, मग पुन्हा काय मागितलं, एवढंच काढून दाखवायचं.

मात्ती लूक्काइनेन हे तिथले अध्यापक या अभ्यासक्रमाचे मुख्य लेखक. २०१९ साली तो इंग्रजीतून, कोणालाही घरबसल्या करता येईल असा उपलब्ध होता आणि आजही आहे. त्याला शुल्क नाही, प्रवेशपरीक्षाही नाही. शून्य ते तेरा असे त्याचे भाग आहेत आणि त्यांत रिअॅक्टपासून टाइपस्क्रिप्ट, कंटेनर, रिलेशनल डेटाबेसपर्यंत बरंच काही येतं. मला लिहायचं आहे ते फक्त त्यातल्या सर्व्हरबद्दल. सर्व्हरची पहिली ओळख होते तो शून्यावा भाग आणि सर्व्हर आपल्या हातांनी लिहायचा तो तिसरा. हे दोन भाग शिकण्यासाठी उपयोगी आहेत हे सांगायला नको, पण सावकाश वाचले तर त्यांत चांगल्या कथाकाराची बांधणी दिसते. उपाय हातात देण्याआधी हा लेखक आपल्याला त्याची नड लागू देतो. नड लागेपर्यंत तो थांबतो, कधी कधी मुद्दाम फार वेळ थांबतो, आणि हे थांबणं हीच त्याची कला आहे असं माझं मत आहे.

शून्याव्या भागातली गोष्ट एका साध्या पानाभोवती फिरते. नोंदी लिहून ठेवण्याचं एक छोटं अॅप. पहिल्या पानावर एक चित्र, आतापर्यंत किती नोंदी झाल्या तो आकडा आणि नोंदींच्या पानाकडे नेणारी एक लिंक. पान उघडण्याआधी लेखक एक नियम घालून देतो की ब्राउझरचा डेव्हलपर कन्सोल कायम उघडा ठेवायचा. हा नियम पुढच्या भागांत इतक्या वेळा परत येतो की त्याचं धृपद होतं. सुरुवातीला ती मास्तरकी वाटते. पण पुढे सर्व्हर लिहायला घेतल्यावर हेच धृपद थोडं बदलून येतं. आता ज्या खिडकीत सर्व्हर चालू आहे तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं जातं. तेव्हा कळतं की लेखकाला लिहिण्याआधी बघण्याची सवय लावायची आहे, आणि सवय एकदा सांगून लागत नाही.

कन्सोलच्या नेटवर्क टॅबमध्ये पान उघडताना काय घडतं ते दिसतं. आधी पानाची मागणी जाते, पान आल्यावर त्यात चित्राचा उल्लेख सापडतो, मग चित्राची वेगळी मागणी. नोंदींचा आकडा पानात कुठून आला? सर्व्हरवरच्या कोडने पानाचा मजकूर त्या क्षणी जुळवला आणि आकडा त्यात घालून पाठवला. जुन्या पीएचपीवाल्यांना ही रीत घरची वाटेल असं लेखक मिश्कीलपणे सुचवतो. नोंदींच्या पानावर गेलं की दुसरीच रीत दिसते. तिथे सर्व्हर रिकामं पान पाठवतो, त्याबरोबर जावास्क्रिप्टची फाइल पाठवतो, आणि ती फाइल ब्राउझरमध्ये चालू झाल्यावर नोंदी वेगळ्या मागवून घेते. वेबच्या इतिहासातले दोन कालखंड एकाच अॅपच्या दोन पानांवर शेजारी मांडून ठेवले आहेत. लेखक इतिहासाचं व्याख्यान देत बसत नाही, देण्याची गरजही राहत नाही.

आता या भागाचा गाभा. नोंदींच्या पानावर एक फॉर्म आहे. त्यात काहीतरी लिहून सेव्हचं बटन दाबायचं. कन्सोलमध्ये पाहिलं तर एका बटनामागे पाच मागण्या गेलेल्या दिसतात. पहिली पोस्ट, म्हणजे नवी नोंद घेऊन सर्व्हरकडे गेलेली. तिला उत्तर येतं ३०२, म्हणजे ‘नोंदींच्या पत्त्यावर जा’. मग ब्राउझर निमूटपणे ते पान मागतो, पानामुळे सीएसएसची फाइल मागतो, जावास्क्रिप्टची फाइल मागतो आणि ती फाइल शेवटी नोंदी मागते. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच की पान क्षणभर लवलं आणि आपली नोंद यादीत आली.

हा ३०२ म्हणजे सगळ्या प्रसंगातलं सर्वांत सुंदर उत्तर. सर्व्हरला नोंद मिळाली, त्याने ती ठेवली, पण पोस्टच्या उत्तरात पान दिलं नाही, फक्त पत्ता दिला. लेखक इथे फार रेंगाळत नाही. मला रेंगाळावंसं वाटतं, कारण या एका उत्तरामुळे वापरणाऱ्याने नंतर पान रिफ्रेश केलं तरी फॉर्म दुसऱ्यांदा जात नाही. रिफ्रेश होतं ते नुसतं बघण्याचं पान. फी भरल्यावर किंवा अर्ज पाठवल्यावर रिफ्रेश दाबलं आणि ब्राउझरने ‘फॉर्म पुन्हा पाठवू का?’ असं विचारून पोटात गोळा आणला, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या ३०२चं मोल वेगळं सांगायला नको. ज्याने त्या अर्जाचा प्रोग्रॅम लिहिला त्याने बहुधा ही पाच बाणांची आकृती कधी काढलेली नव्हती.

याच जागी लेखक सर्व्हरवरचं कोड दाखवतो. ते जेमतेम काही ओळींचं आहे. आलेली नोंद, तिला आजची तारीख लावायची, यादीत ढकलायची आणि नोंदींच्या पानाकडे वळवायचं. पाठोपाठ, जाता जाता, एक माहिती येते. ही यादी डेटाबेसमध्ये नाही, सर्व्हरच्या चालू प्रोग्रॅममध्येच आहे, त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू झाला की नव्या नोंदी नाहीशा होतात. पहिल्या वाचनात हे वाक्य निसटून जातं. कथेत सुरुवातीला कोणीतरी सहज बोलून जातं आणि शेवटी त्यावरच सगळं येऊन ठेपतं, तशी ही पेरणी आहे. तिसरा भाग संपत येईतो हा विसराळूपणा तसाच ठेवलेला आहे.

शून्याव्या भागाच्या उत्तरार्धात तेच अॅप नव्या रूपात येतं. आता बटन दाबल्यावर ब्राउझर फॉर्म आपल्या मनाने पाठवत नाही. जावास्क्रिप्ट त्याला अडवते, नोंद स्वतःच यादीत घालून पान रंगवते आणि मग ती सर्व्हरकडे पोचती करते. मागणी एकच. उत्तर २०१, नोंद तयार झाली. वळवावळवी नाही, पानाचं लवणं नाही. पाच बाणांच्या जागी एक बाण. पण ज्याने आधी पाच बाण काढलेले नाहीत त्याला या एका बाणाचं काय कौतुक? नवं तंत्र थेट शिकवलं असतं तर ते नुसती पद्धत म्हणून शिकलं गेलं असतं. स्वाध्यायांचा क्रमही त्यासाठीच आहे. आधी जुन्या पानावरच्या नव्या नोंदीची आकृती, मग नव्या पानाची, मग नव्या पानावरच्या नव्या नोंदीची.

इथे थोडं विषयांतर. हेलसिंकीला वेब फार लवकर पोचलं होतं. ‘एर्विसे’ हा अगदी सुरुवातीच्या चित्ररूप ब्राउझरांपैकी एक, १९९२ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी केला. (ती वेगळी संस्था, आता आल्टो विद्यापीठात सामावलेली.) तेव्हाचे सर्व्हर बहुतांशी ठेवलेली फाइल उचलून द्यायचे. मागणी आल्यावर प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर द्यायचं, ही वाट अमेरिकेत एनसीएसएमध्ये १९९३च्या सुमारास सीजीआयच्या रूपाने मळली. पुढे १९९५मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांचं पीएचपी आलं, आणि २००९मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं, म्हणजे ब्राउझरमध्ये कोंडलेली जावास्क्रिप्ट सर्व्हरवर बसवली. फुल स्टॅक ओपनचा सर्व्हर या नोडवर चालतो. मधली दोन पिढ्यांची धावपळ अभ्यासक्रमात फारशी येत नाही. ती यायला हवी होती असं मला वाटत नाही, पण शिकवणाऱ्याला ती ठाऊक असावी.

तिसऱ्या भागातला पहिला सर्व्हर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या ओळींचा आहे. नोडमध्ये असलेलं एचटीटीपीचं मॉड्यूल घ्यायचं, मागणी आली की २०० म्हणायचं आणि एक ठरावीक वाक्य पाठवायचं. सर्व्हर पोर्ट ३००१वर बसतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ते वाक्य दिसतं. मग लेखक सांगतो की पत्त्याच्या पुढे वाटेल ते जोडून बघा. तरीही तेच वाक्य. या सर्व्हरला काय मागितलं याच्याशी देणंघेणं नाही. मागणी आली एवढं त्याला कळतं, मागणी काय होती हे तो बघतच नाही.

या ठिकाणी बहुतेक पुस्तकं घाईने पुढे जातात. हा लेखक त्या बहिऱ्या सर्व्हरला नोंदींची यादी जेसनच्या रूपात द्यायला लावतो, उत्तराच्या माथ्यावर मजकुराचा प्रकार बदलायला लावतो आणि मगच म्हणतो की प्रत्येक पत्त्याला वेगळं उत्तर असं हाताने लिहीत गेलो तर जिकिरीचं होईल. आता एक्स्प्रेस येतं. एक्स्प्रेस म्हणजे नोडवरची एक लायब्ररी, पत्ता आणि क्रिया यांची जोडी लावून देणारी. तिने कोणतं ओझं उचललं हे वाचकाला नेमकं कळतं, कारण ते ओझं त्याने मिनिटापूर्वी स्वतः उचललेलं असतं. आपल्याकडे क्लासमध्ये काय किंवा यूट्यूबवर काय, एक्स्प्रेस इन्स्टॉल करा या आज्ञेनेच पाठ सुरू होतो, आणि मग मुलाला वाटतं सर्व्हर म्हणजेच एक्स्प्रेस.

याच सुमारास आणखी एक सोय येते. फाइल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, दर वेळी हाताने करावं लागत नाही. सोय खरीच. पण सर्व्हर विसराळू आहे हे आठवतं ना? आता कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी चाचणीसाठी घातलेल्या सगळ्या नोंदी गायब. आधी विसरणं कधीमधी व्हायचं, आता मिनिटामिनिटाला होतं. लेखकाने हे ठरवून जुळवलं की आपसूक जुळलं, मला सांगता येणार नाही. परिणाम मात्र अचूक आहे. डेटाबेस प्रत्यक्ष येण्याच्या बऱ्याच आधी विद्यार्थ्याला डेटाबेस हवासा वाटू लागतो.

पुढचा प्रसंग एकच नोंद मागण्याचा. पत्त्यात क्रमांक द्यायचा, सर्व्हरने ती नोंद शोधून द्यायची. पूर्वीच्या पाठात इथे एक चकवा होता. यादीतला क्रमांक संख्या असायचा आणि पत्त्यातून आलेला क्रमांक अक्षरं. डोळ्यांना दोन्ही सारखे, जावास्क्रिप्टच्या तीन बरोबरांना वेगळे. नोंद समोर असून सापडायची नाही. लेखक उत्तर सांगायचा नाही, ठिकठिकाणी कन्सोलवर छापायला लावायचा आणि शेवटी प्रकारही छापायला लावायचा. नंतरच्या पाठात क्रमांक मुळातच अक्षरी केले आहेत आणि चकवा गेला आहे. पाठ सुबक झाला, पण पत्त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट अक्षरी असते हे शिकवणारी एक ठेच त्याबरोबर गेली. मला जुना पाठ अधिक आवडतो. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्यांना माझं दुःख कळेल.

दुसरी ठेच सुदैवाने शाबूत आहे. नसलेल्या क्रमांकाची नोंद मागा. सर्व्हर म्हणतो २००, सगळं ठीक, आणि मजकुराची लांबी शून्य. हा सर्व्हर खोटं बोलतो आहे आणि त्याला ते माहीत नाही. त्याने यादीत शोधलं, काही मिळालं नाही, ते ‘काही नाही’ त्याने उत्तर म्हणून पाठवून दिलं. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने कुठेच चूक झालेली नाही. चूक झाली आहे ती बोलण्यात. मग ४०४ येतो. ज्या ४०४वर जगभर विनोद झाले तो इथे पहिल्यांदा शहाण्यासारखा दिसतो. हे पान माणसासाठी नसून दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे, त्यामुळे सुंदर संदेशाची गरज नाही, खरा आकडा पुरे, असं लेखकाचं म्हणणं.

नोंद पुसण्याच्या प्रसंगात अभ्यासक्रमाचा प्रामाणिकपणा दिसतो. नोंद पुसली की २०४, म्हणजे झालं आणि परत द्यायला काही नाही. पण जी नोंद नाहीच ती पुसायला सांगितली तर? लेखक सांगतो की यावर जाणकारांत एकमत नाही, २०४ही चालेल, ४०४ही चालेल, आपण सोपेपणासाठी दोन्ही वेळा २०४ देऊ. विद्यापीठीय पुस्तकात अशी कबुली क्वचित मिळते. आपल्या परीक्षेत या प्रश्नाला दोन गुण असते आणि उत्तर एकच असतं. लेखकाची निवड टिकणारी आहे हे पुढच्या एका उपविभागात उमगतं. तिथे एचटीटीपीच्या क्रियांचे दोन गुण येतात. गेट ही सुरक्षित असावी, म्हणजे नुसतं मागितल्याने सर्व्हरवर काही बदलू नये. पोस्ट सोडून बाकीच्या क्रिया एकदा केल्या काय आणि दहादा केल्या काय, सर्व्हरवरचा शेवट सारखाच असावा. पुसणं या दुसऱ्या कसोटीत बसतं. दुसऱ्यांदा पुसलं तरी नोंद नाही ती नाहीच. ‘असावी’ हे क्रियापद इथे नेमकं आहे. हे संकेत आहेत. गेटच्या मागणीवर खातं रिकामं करणारा सर्व्हर लिहायला कोणी आडवं येत नाही.

नवी नोंद घेण्याचा प्रसंग मला सगळ्यांत भरीव वाटतो. पोस्ट आली, पण मजकूर वाचायची सोय जोडलेली नसेल तर सर्व्हरला हातात काहीच दिसत नाही. सोय जोडली तरी पाठवणाऱ्याने हा मजकूर जेसन आहे असं वर लिहिलं नसेल तर सर्व्हर तो उघडून बघत नाही. अंदाज बांधणं हे त्याचं कामच नाही, कारण प्रकार अगणित आहेत. नवशिक्याला हा हट्टीपणा वाटतो. मग नोंदीत मजकूरच नसेल तर ४०० द्यायचा, पाठवणाऱ्याची मागणीच सदोष. आणि इथे एका ‘रिटर्न’वर लेखक बोट ठेवतो. उत्तर पाठवलं म्हणजे प्रोग्रॅम थांबला असं नाही. ४०० पाठवून झाल्यावरही खालच्या ओळी चालतच राहतात, आणि ‘रिटर्न’ लिहिलं नाही तर ब्राउझरला नकार कळवून सर्व्हर ती सदोष नोंद गुपचूप ठेवून घेतो. असे घोळ मी चालत्या कामात पाहिले आहेत आणि ते सापडायला फार त्रास होतो, कारण बाहेरून सगळं बरोबर दिसतं.

नव्या नोंदीला क्रमांक देण्याची युक्ती लेखक हसत हसत वाईट म्हणून देतो. सर्वांत मोठा क्रमांक घ्या, त्यात एक मिळवा. ही चांगली पद्धत नाही, लवकरच टाकून देऊ, असं तो म्हणतो. तिच्यातली खोच वाचकाने स्वतः शोधावी अशी आहे. शेवटची नोंद पुसा आणि नवी घाला. नव्या नोंदीला पुसलेलीचाच क्रमांक मिळतो. कोणी जुनी लिंक जपून ठेवली असेल तर तिच्यामागे आता भलतीच नोंद उभी. स्वाध्यायांत क्रमांक मोठ्या टप्प्यातून चिठ्ठी काढल्यासारखा घ्यायला सांगितला आहे, तोही कामचलाऊच.

या स्वाध्यायांची रचनाही बघण्याजोगी. पाठात नोंदींचं अॅप, स्वाध्यायात फोनची वही. वहीत एडा लवलेस आहेत, रिअॅक्टच्या जगातले डॅन अॅब्रामॉव्ह आहेत, लीन सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मेरी पॉपेनडीक आहेत. पाठातलं कोड उतरवून चालत नाही, ते वहीच्या भाषेत आणावं लागतं, आणि आणताना कळलेलं आणि न कळलेलं वेगळं होतं. एका स्वाध्यायात सर्व्हरने वहीत किती जण आहेत आणि मागणी नेमकी कधी आली ती वेळ दाखवायची आहे. क्षुल्लक काम. पण ठेवलेली फाइल आणि चालू सर्व्हर यांतला फरक दाखवायला त्या बदलत्या वेळेइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मिडलवेअरचा भाग नवशिक्यांना सर्वांत जड जातो. मिडलवेअर म्हणजे मागणी आणि उत्तर यांच्या वाटेवर बसलेला कोडचा तुकडा. सरकारी कचेरीत फाइल टेबलामागून टेबल फिरते तसं समजावं. प्रत्येक टेबलाने आपला शेरा मारून पुढे सरकवायची, नाहीतर तिथेच निकाल द्यायचा. दोन्ही केलं नाही तर बाहेर बसलेला माणूस बसूनच राहतो, आणि ब्राउझरही तसाच गोल फिरत राहतो. टेबलांचा क्रम महत्त्वाचा. मजकूर उघडणारं आधी, अनोळखी पत्त्याला ४०४ देणारं सगळ्या ठरलेल्या पत्त्यांनंतर, चुका निस्तरणारं सर्वांत शेवटी. पहिला मिडलवेअर विद्यार्थ्याच्या हातून लिहून घेतलेला आहे. मागणीचा प्रकार, पत्ता आणि मजकूर छापायचा, पुढे सरकवायचं, बस. मग एका स्वाध्यायात पोस्टबरोबर आलेला मजकूरही लॉगमध्ये छापायला सांगितलं आहे आणि लगेच सावध केलं आहे की लोकांची माहिती अशी छापणं धोक्याचं आहे, युरोपच्या जीडीपीआरसारख्या कायद्याचा भंग होऊ शकतो. भारतातही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलात असा इशारा मी वाचलेला नाही.

मग कधीतरी ब्राउझरमधलं अॅप आणि आपला सर्व्हर जोडायची वेळ येते आणि सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी बोलण्यावर ब्राउझरने घातलेल्या नियमांची, भिंत लागते. इथे लेखक थोडा कोरडा झाला आहे. उपाय एका ओळीचा आहे आणि तो दिला आहे. साध्या मागणीच्या बाबतीत सर्व्हरने उत्तर दिलेलंच असतं, ब्राउझर ते दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्या पानाच्या हाती देत नाही, ही गंमत अधिक ठासून सांगायला हवी होती. कित्येक जण या भिंतीपाशी सर्व्हरला दोष देत बसतात.

आणि शेवटी डेटाबेस. इतके दिवस विसरणारा सर्व्हर मोंगोडीबीच्या आधाराने लक्षात ठेवू लागतो. तो आला की त्याच्यासोबत नव्या कटकटी येतात आणि लेखक त्याही एकेक करून अंगावर येऊ देतो. पासवर्ड कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नये, तो वेगळ्या फाइलीत ठेवावा. वेड्यावाकड्या क्रमांकाची मागणी आणि नसलेल्या क्रमांकाची मागणी यांना वेगळी उत्तरं द्यावीत, एकीला ४००, दुसरीला ४०४. चुका प्रत्येक ठिकाणी वेगळ्या निस्तरण्यापेक्षा एकाच जागी आणाव्यात. हे सगळं उत्तम आहे, पण माझी मोठी तक्रार इथेच आहे. वापरकर्ते, त्यांच्या नोंदी, नोंद कोणाची, ही सगळी नात्यांची माहिती. तिला रिलेशनल डेटाबेस शोभतो, आणि तो या अभ्यासक्रमात थेट तेराव्या भागात येतो. तिथवर किती जण पोचत असतील? सर्व्हरची कहाणी एवढ्या निगुतीने बांधणाऱ्या लेखकाने ऐन कळसाच्या जागी सोपी वस्तू उचलली असं मला वाटतं.

दुसरी उणीव काळाची, तिला इलाज नाही. बाहेरच्या सेवांवर पाठ बेतला की तो शिळा होतो. पूर्वी सर्व्हर इंटरनेटवर चढवायला हेरोकू होतं, २०२२च्या नोव्हेंबरात त्याची मोफत सोय संपली आणि पाठात दुसऱ्या सेवा आल्या. उद्या त्याही बदलतील. एचटीटीपीचे आकडे, मागणी-उत्तराचा क्रम, सदोष मजकुराला नकार हा भाग मात्र पोस्ट, गेट आणि ४०४ आहेत तोवर जुना होणार नाही. एचटीटीपीची १.० ही आवृत्ती १९९६ साली आरएफसी म्हणून नोंदली गेली. ती आज उघडली तरी २००, २०१, २०४, ३०२, ४००, ४०४ हे सगळे त्यात भेटतात.

आपल्याकडे वेब टेक्नॉलॉजीचा पेपर बऱ्याच ठिकाणी एचटीएमएलच्या टॅगांपासून सुरू होऊन सर्व्हलेट, जेएसपी, पीएचपी अशी युनिटं ओलांडत जातो. आशयात फार चूक नाही. चूक क्रमात आहे, उत्तर आधी आणि प्रश्न वायवाच्या दिवशी. शिकवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की पहिल्या प्रॅक्टिकलला संगणकाला हात न लावता त्या पाच बाणांची आकृती काढून घ्या, आणि पहिले काही आठवडे डेटाबेस देऊ नका. मुलांना सर्व्हर बंद करून चालू करू द्या आणि नोंदी कुठे गेल्या ते विचारू द्या.

आणि स्वतः शिकू पाहणाऱ्यांना: अभ्यासक्रम फुकट आहे, इंग्रजी साधं आहे, थोडं प्रोग्रॅमिंग आधी येत असावं लागतं. घाई असेल तर भाग पुढेमागे करा, रिअॅक्ट येत असेल तर ते वगळा. शून्यावा भाग मात्र वगळू नका आणि स्वाध्याय ०.४चं, म्हणजे त्या पाच बाणांचं, चित्र कागदावर, हाताने काढा.